वाचकांचे प्रश्न : बँडचा अखेरचा अल्बम

गेल्या अंकात या सदरात इंडी पॉप बँडांच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणाऱ्या बँडांच्या, शेवटच्या अल्बमविषयी एक छोटे टिपण आले होते. बँड मोडला की त्याच्या अखेरच्या अल्बमला निरोपाचा अर्थ आपोआप चिकटतो आणि तो अर्थ बहुतेक वेळा ऐकणाऱ्याने दिलेला असतो, असे त्यात म्हटले होते. त्यावर पुण्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. काही पत्रांत मतभेद होते, काहींत कुतूहल होते आणि एका पत्रात चक्क हिशेबाचा प्रश्न होता. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आवडता बँड संपल्याचे जाहीर झाले की त्याचा शेवटचा अल्बम ऐकताना प्रत्येक ओळ निरोपाची वाटू लागते. आपण सारा भार ऐकणाऱ्यावर टाकला आहे. गाणाऱ्यांनी तो निरोप मुद्दाम पेरलेला असतो, असे कधीच घडत नाही का? (प्रभात रोड)

उत्तर : घडते, पण आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी वेळा. मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडचे उदाहरण पाहू. त्यांचा चौथा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘स्ट्रेंजवेज, हिअर वी कम’ १९८७ च्या वसंतात ध्वनिमुद्रित झाला. गिटारवादक जॉनी मार बँड सोडत असल्याची बातमी ऑगस्टमध्ये फुटली आणि अल्बम २८ सप्टेंबरला दुकानांत आला. म्हणजे तो तयार झाला चालत्या बँडचा अल्बम म्हणून आणि लोकांच्या हाती पडला मोडलेल्या बँडचा अल्बम म्हणून. त्यातील पहिल्याच गाण्यात गिटार नाही. ज्या बँडची ओळखच मारच्या गिटारवर उभी होती, त्याच्या बाबतीत ही गोष्ट आज फार सूचक वाटते आणि ऐकणारा लगेच म्हणतो की पाहा, हा गृहस्थ मनाने आधीच निघून गेला होता. वस्तुतः जॉनी मारला बँडच्या ठरून गेलेल्या ध्वनिशैलीतून बाहेर पडायचे होते आणि ती धडपड बँडला पुढे नेण्यासाठी होती. गायक मॉरिसी आणि मार यांचे पुढच्या आयुष्यात फारसे कशावर एकमत झाल्याचे दिसत नाही, परंतु हा आपला सर्वोत्तम अल्बम आहे, असे दोघांनीही सांगितलेले आहे. त्याला केवळ निरोप म्हणून ऐकले तर त्यातली उमेद ऐकायची राहून जाते, एवढीच माझी तक्रार होती.

आपल्या बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. अमेरिकेतील अथेन्स या जॉर्जिया राज्यातल्या गावी १९८० साली सुरू झालेला आर.ई.एम. हा बँड काटेकोर अर्थाने इंडी पॉप नव्हे, पण पुढच्या अनेक इंडी बँडांनी ज्यांच्याकडे पाहून वाट धरली, त्यांत तो नक्कीच मोडतो. त्यांचा पंधरावा अल्बम ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’ मार्च २०११ मध्ये आला आणि २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी बँड थांबवत असल्याचे जाहीर केले. ध्वनिमुद्रण चालू असतानाच हे शेवटचे, अशी जाणीव त्यांना होती. मुखपृष्ठावर गायक मायकेल स्टाइप हात उंचावून उभा आहे आणि तो निरोपाचा हात होता, असे त्याने नंतर स्वतःच सांगितले. गंमत अशी की सहा महिने तो हात दुकानांत मांडलेला होता आणि त्याचा अर्थ कोणाच्या ध्यानात आला नाही. निरोप मुद्दाम पेरला तेव्हा तो कळला नाही आणि पेरलेला नव्हता तेथे तो सगळ्यांना दिसला. म्हणून भार ऐकणाऱ्यावर टाकला, तो थोडा तरी योग्य जागी पडला आहे, असे मला अजूनही वाटते.

बीटल्सच्या बाबतीत तर शेवटचा अल्बम कोणता, यावरच वाद घालता येतो. ‘लेट इट बी’ हा ८ मे १९७० रोजी, म्हणजे फुटीची बातमी जगजाहीर झाल्यानंतर महिन्याभराने प्रसिद्ध झाला, परंतु त्यातले बहुतेक काम जानेवारी १९६९ मधले होते. ‘ॲबी रोड’चे बरेचसे ध्वनिमुद्रण त्यानंतर झाले आणि तो मात्र सप्टेंबर १९६९ मध्ये आधी बाजारात आला. चौघे मिळून स्टुडिओत शेवटचे काम करीत होते, ते २० ऑगस्ट १९६९ रोजी. तेव्हा निरोपाची हुरहूर नेमकी कोणत्या तबकडीला अर्पण करायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

प्रश्न : माझे वय चौऱ्याहत्तर आहे. नातू इंडी पॉप ऐकतो. हा संगीताचा प्रकार आहे की धंद्याची रीत? आणि ज्या बँडांचे नावही शेजाऱ्याला ठाऊक नसते, त्यांच्या शेवटच्या अल्बमचे एवढे कौतुक कशासाठी? (सदाशिव पेठ)

उत्तर : सुरुवात धंद्याच्या रीतीपासून झाली आणि त्या रीतीतून एक प्रकार घडला. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, थोड्या पैशांत, स्वतःच्या हिमतीवर ध्वनिमुद्रिका काढणारी मंडळी ब्रिटनमध्ये सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस वाढली. १९८६ साली ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने अशा बावीस बँडांची एकेक रचना घेऊन ‘सी-८६’ नावाची कॅसेट काढली आणि त्या कॅसेटवरून एका विशिष्ट धाटणीची ओळख पक्की झाली. खणखणीत वाजणारी गिटार, सहज गुणगुणता येईल अशी चाल, गायनात तालमीपेक्षा बोलल्यासारखा मोकळेपणा आणि थोडासा कच्चेपणा हा दोष न मानण्याची वृत्ती, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. गाण्यात तयारी असलीच पाहिजे, असे मानणाऱ्या आपल्या पिढीला तो कच्चेपणा सुरुवातीला खटकेल, हे मी गृहीत धरतो.

कौतुकाचे कारण मात्र याच छोटेपणात आहे. ब्रिस्टलमध्ये १९८७ साली दोन तरुणांनी ‘सारा रेकॉर्ड्स’ नावाची चिमुकली ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. द फील्ड माइस, हेवनली यांसारखे बँड तिच्याकडे होते. प्रत्येक प्रकाशनाला क्रमांक असे. शंभरावा क्रमांक आला तेव्हा, ऑगस्ट १९९५ मध्ये, त्यांनी एक संकलन आणि त्यासोबत पुस्तिका काढली, संगीत साप्ताहिकांत जाहिरात देऊन कंपनी बंद करीत असल्याचे कळवले, ब्रिस्टलच्या बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर मेजवानी केली आणि खरोखरच दुकान मिटले. दिवाळे निघाले नव्हते आणि भांडणही नव्हते. व्यवसाय वाढवीत नेणे हेच ध्येय असले पाहिजे, हा आग्रहच त्यांना मान्य नव्हता. मोठ्या कंपनीच्या करारात अडकलेल्या कलावंताला असे थांबता येत नाही, कारण त्याच्या थांबण्यावर इतरांचे पगार अवलंबून असतात. छोट्यांना ते जमते, म्हणून त्यांच्या शेवटाला स्वतःची अशी ठेवण येते. शेजाऱ्याला नाव ठाऊक असण्याचा येथे फारसा संबंध नाही.

नातवाला एवढे जरूर विचारावे की त्याच्या ऐकण्यात पुण्यातले बँड किती आहेत. २०१० साली ‘एनएच-७ वीकेंडर’ हा महोत्सव पुण्यातच सुरू झाला आणि त्यानंतर स्वतःची गाणी रचणाऱ्या इथल्या बँडांना श्रोता सापडणे बरेच सोपे झाले.

प्रश्न : आम्ही चौघे महाविद्यालयापासून एकत्र वाजवतो. आता एक जण जर्मनीला निघाला आहे, दुसरी बंगळूरला. जाण्यापूर्वी एक शेवटचा अल्बम करायचा, असे ठरले आहे. शब्द आणि चाली बहुतेक दोघांच्याच आहेत, पण जॅमरूमचे (सरावाच्या खोलीचे) भाडे, प्रवास आणि मिक्सिंगचा खर्च चौघांनी मिळून केला. बँडचा कोणताही लेखी करार नाही. अल्बमचा मालक कोण? पैसे आले तर कसे वाटायचे? मैत्रीत हे विषय काढावेत का? (कर्वेनगर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. काढावेत, आणि ध्वनिमुद्रणाची पहिली तारीख ठरवण्यापूर्वी काढावेत. चौघे एका शहरात असताना चहावर जे तासाभरात मिटते, ते पुढे तीन शहरांतून आणि दोन खंडांतून मिटवताना वर्ष जाते.

पुन्हा स्मिथ्सकडेच जावे लागते, कारण या बाबतीत त्यांच्याइतका बोलका धडा दुसरा नाही. ध्वनिमुद्रणातून आणि कार्यक्रमांतून येणाऱ्या उत्पन्नातील प्रत्येकी चाळीस टक्के मॉरिसी आणि मार घेत आणि बासवादक अँडी रूर्क व ड्रमर माइक जॉइस यांना प्रत्येकी दहा टक्के मिळत. हे लेखी ठरलेले नव्हते. बँड संपल्यावर रूर्कने ८३ हजार पौंड एकरकमी घेऊन दहा टक्के मान्य केले, जॉइस मात्र न्यायालयात गेला. डिसेंबर १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९९८ मध्ये अपिलातही तो टिकला. निकालाचा आधार साधा होता. बँड ही भागीदारी आहे, आणि वाटा वेगळा असल्याचा करार सिद्ध होत नसेल तर ब्रिटनच्या १८९० च्या भागीदारी कायद्यानुसार सर्व भागीदार समान वाटेकरी ठरतात. जॉइसला पंचवीस टक्के मिळाले. पहिला निकाल लागेपर्यंतच बँड मोडून नऊ वर्षे लोटली होती.

आपल्याकडील भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ याच्या कलम १३ मध्येही हेच तत्त्व आहे. वेगळा करार नसेल तर भागीदार नफ्यात समान वाटेकरी असतात आणि तोटाही समान सोसतात. तेव्हा लेखी काही नसताना आपण चौघे मिळून नफ्यासाठी कार्यक्रम करीत होता, असे कोणी दाखवून दिले तर चार समान वाटे, हीच सुरुवात धरली जाईल. हे चौघांना मान्य असेल तर उत्तम, आणि नसेल तर तसे आजच लिहून ठेवावे.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण बहुतेक बँडांची भांडणे तो न कळल्यामुळे होतात. एका ध्वनिमुद्रित गाण्यात कायद्याच्या दृष्टीने निरनिराळ्या वस्तू असतात. शब्द ही साहित्यकृती असते, तिचा हक्क गीतकाराचा. चाल ही संगीतकृती असते, तिचा हक्क संगीतकाराचा. ती स्वरलिपीत लिहून काढलेली नसली तरी हक्क अबाधित राहतो. ध्वनिमुद्रण ही तिसरी वस्तू आणि तिचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे जो पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते घडवून आणतो त्याचा. यांशिवाय वाजवणाऱ्याला कलावंत म्हणून वेगळा हक्क असतो आणि तो पन्नास वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, तर ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर साठ वर्षे. स्मिथ्सच्या खटल्यातही मॉरिसी आणि मार यांच्या गीतलेखनाच्या उत्पन्नावर जॉइसने दावा केलेला नव्हता. वाद होता तो ध्वनिमुद्रण आणि कार्यक्रम यांच्या पैशांचा.

आपल्या बाबतीत म्हणून मी असे सुचवीन की शब्द आणि चाली ज्या दोघांच्या आहेत त्यांच्याच नावावर राहाव्यात, आणि ध्वनिमुद्रणाचे निर्माते म्हणून चौघांची नावे लावून त्याचे चार समान वाटे करावेत. एखाद्या गाण्यात बासची ओळच मुळात गाणे उभे करीत असेल, तर त्या गाण्यापुरते बासवादकाचे नाव संगीतकारांत घालण्यात कंजूषपणा करू नये. ड्रमर आणि बासवादक यांना ‘साथीदार’ मानण्याची आपल्याकडची सवय बँडला लागू पडत नाही, असे माझे मत आहे आणि त्यावर मतभेद होऊ शकतो, हेही मला मान्य आहे.

कोणी आपला हक्क दुसऱ्याला देणार असेल तर ते सहीसह लेखी असावे लागते, तोंडी चालत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मर्यादित समजला जातो. जर्मनीला निघालेल्या मित्राच्या दृष्टीने ही दुसरी अट महत्त्वाची आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा सही करूनही कायमचा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. त्यासाठी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ या रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या, १९६९ पासूनच्या संस्थेचे सभासदत्व दोघा रचनाकारांनी घेऊन ठेवावे.

बँडचे नाव कोणी वापरायचे, हाही प्रश्न आजच सोडवावा. दोघे पुण्यात उरले आणि त्यांनी त्याच नावाने कार्यक्रम सुरू केले, तर बाहेर गेलेल्यांना चालेल का? ट्रेडमार्क नोंदवायचा असल्यास करमणुकीच्या सेवा एकेचाळिसाव्या वर्गात येतात आणि नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. मात्र संपत असलेल्या बँडने त्यावर खर्च करण्यापेक्षा ‘चौघांच्या संमतीशिवाय नाव वापरणार नाही’ एवढे एक वाक्य लिहून सह्या कराव्यात.

आता पैशांविषयी वास्तव सांगतो. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. त्यामुळे संपलेल्या बँडच्या दहा गाण्यांपैकी कदाचित दोनतीनच काही कमावतील. त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. गाणी सेवांपर्यंत पोहोचवणारे काही वितरक वार्षिक वर्गणी घेतात आणि ती थकली की गाणी उतरवली जातात. चौघे पांगल्यावर ती वर्गणी कोणाच्या कार्डावरून जाणार, हे ठरवले नाही तर अल्बम एके दिवशी गुपचूप नाहीसा होईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. शक्य असेल तर एकदाच शुल्क घेणारा वितरक निवडावा. प्रत्येक गाण्याचा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक, लिहून ठेवावा, म्हणजे पुढे वितरक बदलला तरी तोच क्रमांक देता येईल आणि ऐकल्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होण्याचा धोका कमी होईल. मिक्स न केलेले स्वतंत्र ट्रॅक आणि मूळ सेशन फाइली चौघांकडे एकेक प्रत असाव्यात. स्टुडिओ त्या कायम सांभाळील, या भरवशावर राहू नये.

एवढे झाल्यावर मसुदा एखाद्या वकिलाला दाखवावा. दोन पानांचे काम आहे.

प्रश्न : शेवटच्या अल्बममधले शेवटचे गाणे बहुधा संथ का असते? आमच्या गटात यावर पैज लागली आहे. (औंध)

उत्तर : फक्त शेवटच्या अल्बममध्येच नव्हे, कोणत्याही अल्बममध्ये ही प्रवृत्ती दिसते आणि तिचे एक कारण भौतिक आहे. लाँग प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे याच गतीने फिरत राहते, पण सुई कडेकडून केंद्राकडे सरकत जाते. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला वीस-एकवीसच. तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी लांबीत कोरायचा म्हटल्यावर तीव्र आणि उंच स्वर फाटतात. म्हणून एका बाजूच्या साधारण बावीस मिनिटांत दणदणीत गाणी आधी आणि शांत गाणी शेवटी ठेवण्याची रीत पडली, ती सीडी आणि स्ट्रीमिंगच्या काळातही सवयीने टिकली.

आपल्याला ही मांडणी परकी वाटत नाही, कारण मैफल भैरवीने संपवण्याचा संस्कार आपल्यावर आहे. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता तर सवाई गंधर्वांच्याच आवाजातल्या भैरवीची ध्वनिमुद्रिका ऐकवून होते. आपली पैज कोणी जिंकली, हे मात्र त्या पैजेचे शब्द कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

प्रश्न : आपली उदाहरणे सगळी परदेशी आहेत. भारतात असा अल्बम झालाच नाही का? (बिबवेवाडी)

उत्तर : बँडाचा नव्हे पण एका आवाजाचा निरोप ठरलेला अल्बम आहे. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचे गायक आणि तालवादक अशीम चक्रवर्ती यांचे २५ डिसेंबर २००९ रोजी निधन झाले. त्यांच्या आवाजातील गाणी तयार होती. २०१० मध्ये बँडने ‘१६/३३० खजूर रोड’ या नावाने ती काढली. करोलबागेतील ज्या जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षे सराव करीत, त्याचा हा पत्ता. कंपनीकडे न जाता त्यांनी दर महिन्याला एक गाणे स्वतःच्या संकेतस्थळावरून विनामूल्य दिले. शोकाचा बाजार मांडण्याची संधी समोर असताना त्यांनी हा मार्ग घेतला, म्हणून मला त्या अल्बमविषयी विशेष आदर आहे. बँड पुढे चालू राहिला.

प्रश्न : निरोपाचा कार्यक्रम म्हणून महागडे तिकीट काढून आवडत्या बँडला ऐकायला गेलो. आता तो बँड परत येतो आहे. ही फसवणूक नव्हे का? (विमाननगर)

उत्तर : आपल्यासारखाच राग न्यूयॉर्कच्या एलसीडी साउंडसिस्टम या बँडच्या चाहत्यांना आला होता. २ एप्रिल २०११ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी गाजावाजा करून निरोप घेतला, २०१६ मध्ये ते परतले आणि २०१७ मध्ये नवा अल्बमही आला. दुखावलेल्या चाहत्यांना उद्देशून प्रमुख गायक जेम्स मर्फी याला एक लांबलचक पत्र लिहावे लागले. परत येण्याचे आधीच ठरवून निरोपाची तिकिटे विकली असतील तर ती फसवणूकच, यात दुमत नाही. पण पाच वर्षांनी माणसांचे मन बदलले, तर त्याला तो शब्द वापरू नये.

इंग्लंडच्या हेवनली या बँडचे पाहा. १९९६ मध्ये त्यांचा तेव्हाचा शेवटचा अल्बम यायच्या थोडे आधी ड्रमर मॅथ्यू फ्लेचर याचे निधन झाले. उरलेल्यांनी ते नावच बाजूला ठेवले आणि दुसऱ्या नावाने नवा बँड काढला. ॲमेलिया फ्लेचर ही गायिका मॅथ्यूची बहीण. ती पुढे स्पर्धाधोरणाची नामांकित अर्थशास्त्रज्ञ झाली. २०२३ मध्ये ते जुन्या नावाने पुन्हा मंचावर आले. मधल्या सत्तावीस वर्षांत त्यांना ऐकू न शकलेली एक आख्खी पिढी त्या कार्यक्रमांना होती आणि तिला ‘आता उशीर झाला’ असे सांगण्याचा अधिकार जुन्या श्रोत्यांना नव्हता.

आपला बँड कोणत्या प्रकारात बसतो, हे त्यांच्या नव्या गाण्यांवरून लवकरच कळेल. तिकिटाचे पैसे परत मिळण्याचा मार्ग मात्र मला दिसत नाही, कारण कार्यक्रम झाला होता आणि आपण तो पूर्ण पाहिला होता.